गाडी पंधरा वर्षं चालवायची असेल तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न घरच्या वापराच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहेत. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी टायर, ब्रेक, एसी आणि पावसाळा एवढंच वाचलं तरी चालेल. खाली दिलेला एखादा आकडा आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा जुळत नसेल, तर मॅन्युअलचं ऐका. ते पुस्तक बहुतेकांच्या ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकसकट पडून असतं.

गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. तरी दरवर्षी सर्व्हिसिंगला टाकायची का?

हो. बहुतेक कंपन्यांचं वेळापत्रक '१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी' असं असतं, आणि लोक नेमका दुसरा भाग विसरतात. उलट, कमी चालणाऱ्या गाडीचंच ऑइल जास्त हाल सोसतं. घरापासून मंडईपर्यंत दोन किलोमीटर गेलात, गाडी बंद केलीत, अर्ध्या तासाने परत आलात, तर एवढ्यात इंजिन नीट तापतच नाही. आत जमलेली पाण्याची वाफ बाहेर पडत नाही, न जळलेलं थोडं पेट्रोल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलमधली संरक्षक द्रव्यं झिजत जातात.

याची खूण घरीच दिसते. ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा. पावसाळ्यात किंवा थंडीत तिथे ताकावरच्या फेसासारखा पिवळट-पांढरा थर दिसला, तर गाडीला लांब फेरी हवी आहे. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवली की तो थर सहसा जातो. तो जात नसेल आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या (हेडच्या) सांध्यातल्या सीलकडे, संशय जातो. अशा वेळी थेट गॅरेज गाठा.

ऑइल घरी कसं तपासायचं?

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरेल. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बाहेर काढून जुन्या सुती फडक्याने कोरडी पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते वाचायचं नाही. ऑइलची कड दोन खुणांच्या मध्ये हवी. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही वाईटच, कारण मग क्रँक (इंजिनच्या तळाशी फिरणारा दांडा) ऑइल घुसळून त्याचा फेस करतो.

ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये तर नवं ऑइलसुद्धा थोड्याच दिवसांत काळं पडतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगापेक्षा पातळी बघा. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी बघितलं की पुरे.

डॅशबोर्डवर तेलाच्या चंबूचा लाल दिवा चालू गाडीत लागला, तर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' म्हणू नका. तो दिवा ऑइलच्या दाबाचा असतो. दाब नाही म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही, आणि इंजिन धरायला तेवढं पुरतं. बाजूला घ्या, बंद करा.

मेकॅनिक म्हणतो, आपल्याकडे गरमी फार, जरा जाड ऑइल टाकू. टाकावं का?

नको. नव्या इंजिनांतल्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्हची यंत्रणा हे सगळं ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशा ठरावीक ग्रेडला (म्हणजे ऑइलच्या जाडीला) धरून बनवलेलं असतं. कंपनीने आपल्याकडची हवा बघूनच मॅन्युअलमध्ये ग्रेड छापलेली असते, चंद्रपूरचा मे महिना धरून. त्या ग्रेडचं, मॅन्युअलमधल्या दर्जाचं, सीलबंद डब्यातलं ऑइल आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्या. ब्रँड कुठला, हा मुद्दा त्यानंतरचा.

कूलंटऐवजी साधं पाणी चालतं का?

अडचणीत, गॅरेज गाठण्यापुरतं. रोजच्यासाठी अजिबात नाही. कूलंटचं काम फक्त थंड करणं नाही. तो उकळायला जास्त तापमान लागतं, आणि आतल्या ॲल्युमिनियमला, पंपाला गंज लागू नये म्हणून त्यात द्रव्यं असतात. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी भरत राहिलात, तर बादलीला जमतो तोच क्षार रेडिएटरच्या केसाएवढ्या नळ्यांत बसतो. वेगवेगळ्या रंगांचे कूलंट एकमेकांत मिसळू नका. रंगावरून जात कळतेच असं नाही, त्यामुळे मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच भरा.

घाटात काटा वर चढायला लागला (पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी, नाशिककडे जाताना कसारा) तर आधी एसी बंद करा, हिटर पूर्ण चालू करा, काचा खाली घ्या. हिटर म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढणारा छोटा रेडिएटरच. जागा मिळताच बाजूला थांबा. वाफ दिसत असेल किंवा खाली कूलंट सांडत असेल तर इंजिन लगेच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, अगदी फडकं धरूनही नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं.

काटा लाल रेघेत असताना 'एवढा एक चढ काढू' म्हणून रेटलेली गाडी हेड वाकवून बसते. वेळेवर कूलंट बदलण्याचा खर्च आणि हेडच्या कामाचा खर्च यांची तुलनाच होत नाही.

घाट उतरताना न्यूट्रलमध्ये टाकलं की पेट्रोल वाचतं ना?

वाचत नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली ही सवय अजून सुटलेली नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर इंधन तोडतो आणि चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जागतं ठेवायला इंधन जाळावं लागतं. म्हणजे न्यूट्रल महागच पडतं.

खरा धोका ब्रेकचा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आजही बरोबर आहे. भोर घाट असो की आंबोली, वेग इंजिनने धरायचा आणि ब्रेक वळणापुरता लावायचा. सतत पाय ठेवला की डिस्क-पॅड तापतात, पकड सुटते, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळायला लागतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांना उकळतं, पाणी धरलेलं १५५ अंशांच्या आसपास. द्रवाच्या जागी वाफ आली की पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, गाडी चालली असो वा नसो. सर्व्हिसिंगच्या बिलात सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी ओळ हीच.

ऑटोमॅटिकवाल्यांनी उतारावर 'एल', '२' किंवा मॅन्युअल मोड वापरायचा. ती सोय त्यासाठीच दिलेली असते.

क्लच फार लवकर गेला. गाडीत दोष आहे का?

असू शकतो, पण आधी डावा पाय बघा. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहणं, फ्लायओव्हरच्या चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं, हायवेवर पेडलवर पाय टेकवून ठेवणं, या तीन गोष्टींनी क्लच प्लेट नाहीतर रिलीज बेअरिंग खाल्लं जातं. चढावर हँडब्रेक लावा, गाडी सुटताना सोडा. क्लच सेट बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीच अंगावर येते.

एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाड्यांतही आत साधा क्लचच असतो. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरली की तोही जळतो.

टायरमध्ये हवा किती? नायट्रोजन भरावा का? टायर किती वर्षं वापरावेत?

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. बहुतेक छोट्या गाड्यांत तो ३० ते ३६ पीएसआयमध्ये येतो, आणि डिक्की-माणसं भरल्यावरचा वेगळा लिहिलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. पंधरा दिवसांतून एकदा, आणि स्टेपनीचीसुद्धा.

उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी भरणारे खूप भेटतात. हिशेब उलटा आहे. हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त वाकतात, वाकण्याने तापतात, आणि तापलेला टायर फुटतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर जाण्याआधी तर हे नक्की ध्यानात ठेवा. तासन् तास सरळ काँक्रीट, १०० च्या पुढचा वेग, वर विदर्भाचं ऊन. शहरात खपून जाणारा जुना किंवा मऊ टायर तिथे खपत नाही.

नायट्रोजनबद्दल : फुकट मिळत असेल तर घ्या. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. नायट्रोजन भरलाय म्हणून तीन महिने हवा न बघणाऱ्यापेक्षा साध्या हवेवर पंधरवड्याला तपासणारा केव्हाही बरा.

वय बघायला टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. नवा टायर घेतानाही हे बघून घ्या, दुकानात दोन वर्षं पडलेला माल 'नवा' म्हणून येतो. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात ब्रेक लावल्यावर ते कळतं. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, झिजून नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

मोठ्या खड्ड्यात आपटल्यावर स्टीअरिंग एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करून घ्या. पुढे ढकलाल तर टायरची एक कड काही हजार किलोमीटरमध्ये टकली होते.

पावसाळ्याआधी काय करावं?

वायपरची रबरं बदला. आठ महिने उन्हात भाजलेलं रबर पहिल्या सरीत काचेवर रेघोट्या ओढतं, आणि त्यात वाळू अडकली असेल तर काचेला कायमचा ओरखडा. मग बॉनेट उघडा. वायपरच्या खाली, काचेच्या बुडाशी जाळी असते, तिथे सोनमोहोराच्या पाकळ्या, गुलमोहोराची बारीक पानं, वडाची फळं कुजून चिखल झालेला असतो. तो हाताने काढा. पाणी जायची वाट बुजली की ते केबिनमध्ये किंवा वायरिंगवर उतरतं, आणि पायाखालच्या मॅटला कुबट वास येतो तो तिथूनच.

दारांच्या खालच्या कडेला छोटी छिद्रं असतात, काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून निघून जायचं असतं. मातीने बुजलेली असली तर आगपेटीच्या काडीने मोकळी करा. रत्नागिरी-सिंधुदुर्ग, गोवा, अलिबाग या पट्ट्यात गाडी असेल, तर दाराचा गंज बहुधा याच जागी, आतून सुरू होतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. किनाऱ्यावर गाडी उतरवून फोटो काढणं हा शौक गाडीच्या जिवावर येतो. खारी वाळू चॅसीच्या सांध्यांत जाऊन बसते आणि वरवरच्या धुण्याने निघत नाही. दर पावसाळ्यानंतर खालून दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. अंडरकोटिंग करायचं असेल तर कोरड्या, धुतलेल्या पत्र्यावरच, नाहीतर गंजावर झाकण घातल्यासारखं होतं.

जाता जाता : दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार दुसऱ्या दिवशी काढा. पुढच्या जाळीवर महिनाभर सुकत राहिलेला हार रेडिएटरची हवा अडवतो आणि त्याच्या पाकळ्या वर सांगितलेल्या जाळीत जातात.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली. काय करू?

परत स्टार्टर मारू नका. इंजिन वाचवायचा एवढा एकच उपाय आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर इनटेकमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला, तर वर येणारा पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत बुडालेल्या गाड्यांनी ही गोष्ट अनेकांना शिकवली. २०२१ च्या जुलैत चिपळूणकरांनी पुन्हा ते सगळं पाहिलं.

शक्य असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी ढकलून उंचावर न्या, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि टोइंगने न्या. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत अशा प्रकारे बिघडलेल्या इंजिनाचा खर्च सहसा बसत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन'ची जोड घ्यावी लागते. सखल भागात राहत असाल तर पुढच्या नूतनीकरणाला ती घ्याच.

उंदीर वायरी खातात. उपाय?

पाऊस सुरू झाला की उंदीर कोरडी, उबदार जागा शोधतात आणि ती बॉनेटखाली सापडते. गाडी एका जागी दिवसचे दिवस उभी ठेवू नका, कचराकुंडीजवळ लावू नका, गाडीत वडापावचे कागद ठेवू नका. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, बाजारातले फवारे यांचा उपयोग थोडे दिवस होतो, वास उडाला की पाहुणे परत. खालच्या मोकळ्या जागेला जाळी बसवून घेणं जास्त टिकाऊ. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेला फोम दिसतो का बघा.

बीएस-६ डिझेल आहे, डीपीएफचा दिवा लागतो.

एप्रिल २०२० पासूनच्या, म्हणजे बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ. ती काजळी जाळायला त्याला उष्णता लागते, आणि रोजच्या तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती मिळत नाही. दिवा लागला की हायवेला काढा आणि ६० च्या वरच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा, मध्ये बंद न करता. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि मग काम सर्व्हिस सेंटरवर जातं. माझं स्पष्ट मत : वापर फक्त शहरातला असेल तर डिझेल घेऊच नका.

जुन्या गाडीत ई-२० पेट्रोल चालेल का?

पंपावर आता तेच, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, त्यामुळे प्रश्न निवडीचा राहिलेला नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई-२० ला टिकणारं रबर आणि प्लॅस्टिक असतं. त्याआधीच्या गाडीचे फ्युएल पाइप, सील आणि गॅस्केट सर्व्हिसिंगच्या वेळी मुद्दाम बघायला सांगा. मऊ पडलेला किंवा चिरलेला पाइप लगेच बदला. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणारच. इथेनॉल पाणीही धरतं, तेव्हा अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

सीएनजीसाठी वेगळं काही?

सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) दर ३ वर्षांनी. तारखेची पट्टी नसेल तर पंपवाला गॅस भरायला नकार देऊ शकतो आणि त्याचं बरोबर असतं. स्पार्क प्लग पेट्रोलपेक्षा लवकर बदलावे लागतात. रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरावा लागतो. नॉर्मल आहे का?

नाही. एसीचा गॅस बंद नळ्यांत फिरतो, खर्च होत नाही. दरवर्षी कमी पडतो म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधायला सांगा, मग भरा. त्याआधी केबिन फिल्टर काढून बघा. धुळीने गच्च झालेल्या फिल्टरमुळे हवा कमी येते आणि लोक गॅसवर पैसे घालतात. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावा, म्हणजे कॉम्प्रेसरची सील कोरडी पडत नाहीत.

सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिन फ्लश, डीकार्बोनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, कोटिंग असं सगळं सांगतात. करू का?

एकच प्रश्न विचारा : 'हे मॅन्युअलच्या वेळापत्रकात कुठे आहे, दाखवा.' बहुतेक वेळा संभाषण तिथेच थांबतं. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लशची गरज नसते. गाडी देताना जॉब कार्डवर काय करायचं ते लिहून घ्या, 'विचारल्याशिवाय जास्तीचं काम नाही' हे वाक्यही लिहा, आणि बदललेले जुने पार्ट परत मागा. जुना एअर फिल्टर हातात आला की तो खरंच बदलला हे कळतं. वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या चांगल्या मेकॅनिककडे जायला हरकत नाही. फक्त बिलं जपून ठेवा.

सकाळी गाडी किती वेळ गरम करावी?

अर्धा मिनिट. मग पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश. टर्बो गाडी हायवेवर किंवा घाटात दामटली असेल, तर थांबल्यावर मिनिटभर चालू ठेवून मग बंद करा.

मुलाकडे सहा महिने अमेरिकेला चाललोय. गाडीचं काय?

टाकी भरून ठेवा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण गाडी बंद असतानाही अलार्म आणि घड्याळ करंट खातात. हँडब्रेक लावू नका, दमट हवेत ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. कव्हर हवा खेळणारं घ्या, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली ओल साचते. आणि पुतण्याला 'आठवड्यातून पाच मिनिटं चालू करून ठेव' असं सांगू नका. त्याने बॅटरी भरत नाही, उलट आत ओल साचते. चालवणार असेल तर अर्धा तास चालवू दे, नाहीतर हातच लावू नये.

बॅटरी किती वर्षं चालते?

आपल्या हवेत तीन ते पाच. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. चालू असताना कमी दाखवत असेल तर बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर तपासा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून वर व्हॅसलीन लावा. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी.

१५ वर्षांनंतर गाडी भंगारातच द्यावी लागते ना?

महाराष्ट्रात नाही. दिल्लीतल्या नियमांच्या बातम्या वाचून हा समज झाला आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून ती पुढे ५-५ वर्षांसाठी वाढवता येते. तपासणीत ब्रेक, दिवे, टायर, धूर आणि चॅसीचा गंज बघतात. पीयूसी आणि विमा चालू हवा. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी आपल्या मेकॅनिककडे गाडी वर उचलून चॅसी आणि ब्रेकच्या नळ्या बघून घ्या. काही निघालं तर तेवढ्या वेळात काम होतं आणि आरटीओची फेरी एकदाच पडते.